वल्हं कुणी द्यायचं

एसेरा पाद्री सामोआहून आमच्या मोटुलेई बेटावर उतरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मासे धरायला गेला आणि इतके कुप्पे घेऊन आला की ते पसरायला जागा पुरेना, म्हणून आम्ही बेट थोडं रुंद करून घेतलं. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं पश्चिमेच्या टोकाला जाऊन बघावं. तिथली वाळू अजून बाकीच्या वाळूपेक्षा कोरी दिसते. बायबल त्यानं तिसऱ्या दिवशी उघडलं. तोवर आमचं मत बनून गेलं होतं.

त्याची बायको सिनापाती. उंच, खांद्यानं रुंद, हसली की आधी डोळे हसायचे आणि मग बाकीची ती. सामोआतल्या सवाई बेटावरची, म्हणजे डोंगर, ओढे आणि लाल माती असलेल्या मुलखातली. आमच्याकडे डोंगर म्हणाल तर माझ्या सासूबाईंनी रचलेला नारळाच्या सोडणांचा ढीग. पण तिनं कधी नाक मुरडलं नाही. अळूच्या खड्ड्यात गुडघाभर चिखलात उतरली, केवड्याच्या चटया विणायला शिकली, आणि बायकांकडून असं गाणं बसवून घेतलं की तालीम चालू असताना माडावर टांगलेल्या करवंटीतली माडी आंबायची विसरून जायची. आम्हा माडी पिणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं, पण देवाच्या कामात तेवढं चालायचंच.

मी तेव्हा नुकता लग्न झालेला. टेआवामामाच्या मोठ्या, बाजूला तरंगतं लाकूड बांधलेल्या उलांडी होडीत माझी मधली जागा, आणि एसेरा माझ्या पुढ्यात. त्याची पाठ मी त्याच्या प्रवचनांपेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिलेली आहे.

आता वल्ह्याचं सांगायला हवं. बेटाभोवतीच्या प्रवाळखडकाच्या कडेबाहेर जाणाऱ्या गड्याच्या हातात वल्हं द्यायचं ते त्याच्या घरच्या बाईनं. बायको असेल तर बायकोनं, नसेल तर आईनं, नाहीतर बहिणीनं. किनाऱ्यावर, चारचौघांदेखत. दिलं म्हणजे घरात ठीक चाललंय. नाही दिलं, तर गड्यानं मुकाट्यानं मागं फिरायचं आणि म्हाताऱ्यांच्या ओळीत बसून जाळी दुरुस्त करायची. कारण कुणी विचारत नाही. घरी धुसफूस ठेवून आलेला गडी कुप्प्याला लांबून ओळखू येतो, आणि मग तो सगळ्या होडीकडे पाठ फिरवतो. माझ्या मेलालीनं मला एकदा अख्खा पावसाळा बसवून ठेवलं होतं. मी तिच्या बहिणीच्या हातच्या खेकड्याची जरा मनापासून तारीफ केली होती, एवढंच. जाळं मात्र त्या वर्षी फार सुरेख झालं.

सिनापाती एसेराच्या हातात वल्हं देताना नेहमी काहीतरी बोलायची. सामोअन भाषेत, हळू. तो हसायचा आणि होडीत चढायचा. अशी काही वर्षं गेली.

मग मिशनचं जहाज आलं. कप्तान किनाऱ्यावर उतरला तेव्हा सिनापाती पलीकडे अळूच्या खड्ड्यात होती. कप्तान म्हणाला, "पाद्री, तुझी सासू अंथरुणाला खिळलीय. लेकीला बोलावतेय. बाई येतायत का?"

एसेरा चर्चसाठी प्रवाळ भाजून चुना करत होता. तोंडाला चुना, हाताला चुना. तो म्हणाला, "या खेपेला नाही जमणार. गाणं बसायचंय, बायका तिच्याशिवाय गात नाहीत. पुढच्या खेपेला बघू."

कप्तान गेला, जहाज गेलं. आणि एसेरानं हे सगळं बायकोला जेवताना सांगितलं. मासा वाढता वाढता तिचा हात थांबला, असं शेजारणीनं पाहिलं. शेजारणीनं पाहिलं म्हणजे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या जहाजानं सासू गेल्याची बातमी आणली.

सिनापाती रडली, बायकांनी तिच्याबरोबर रात्र काढली, सगळं रीतीप्रमाणं झालं. शोक संपला. कुप्पे आले, होड्या निघाल्या. एसेरा किनाऱ्यावर येऊन उभा राहिला. सिनापाती आली, वल्हं हातात घेऊन. त्याच्यासमोर थांबली. आणि वल्हं वाळूत आडवं ठेवून घरी निघून गेली.

म्हाताऱ्यांनी सरकून पाद्रीला जागा करून दिली.

"बसा, पाद्रीबुवा," एकजण म्हणाला. "इथे वारा चांगला लागतो."

"माझ्या घरात भांडण नाही," एसेरा म्हणाला. आणि ते खरंच होतं. ती भांडत नव्हती. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, प्रार्थनेला गायची. बोलायची नाही, एवढंच.

थोडे दिवस त्यानं कळ काढली. मग एके सकाळी उठून आपलं वल्हं आपणच घेऊन आला आणि होडीत चढून बसला. "या जुन्या समजुती आहेत," तो म्हणाला. "समुद्र देवाचा आहे, मासेही देवाचे."

"खरं आहे, पाद्रीबुवा," टेआवामामा म्हणाला, आणि होडीतून उतरला. त्याच्यामागं मी उतरलो, माझ्यामागं बाकीचे. एसेरा एकटाच त्या लांबलचक होडीत बसून राहिला. लाट आली की होडी वर व्हायची, तो वर व्हायचा. लाट गेली की खाली. बऱ्याच वेळानं तोही उतरला आणि म्हाताऱ्यांत जाऊन बसला.

"कालच्या गाठी सैल पडल्यात तुमच्या," त्याच्या शेजारचा म्हातारा म्हणाला.

तो हंगाम फार वाईट गेला. एसेराशिवाय आमचा गळ म्हणजे लाजेची गोष्ट. कुप्पे होडीच्या इतक्या जवळून जायचे की एका कुप्प्यानं टेआवामामाला वाट विचारली, मामानं सांगितली, आणि तो आभार मानून निघून गेला. तरी गळाला एक नाही.

त्याहून मोठी काळजी दुसरीच होती. मिशनचा नियम असा की बायको नसलेला पाद्री बेटावर ठेवायचा नाही. सिनापातीनं मेलालीला स्वच्छ सांगून टाकलं होतं, पुढच्या जहाजानं मी जाणार. म्हणजे ती जाणार, आणि ती परतली नाही तर त्याच्या पुढच्या जहाजानं एसेराला घेऊन जाणार. चर्चच्या भिंती गुडघ्यापर्यंत आलेल्या.

"तो तिला थांब म्हणत नाही?" मी मेलालीला विचारलं.

"म्हणाला असता तर बरं झालं असतं. तिनं नाही म्हणण्यात तरी थोडं बोलणं झालं असतं."

"मग तुम्ही बायका काहीतरी करा की."

"आम्ही करतोयच," मेलाली म्हणाली. त्या सुरात ती बोलली की मी पुढं विचारत नाही.

जहाज आलं ते सकाळी, कडेबाहेर दूर उभं राहिलं. आमच्याकडे त्याला आत यायला वाट नाही. ज्याला चढायचं त्याला होडीनं न्यावं लागतं. एसेरा बायकोची पेटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर आला. मागून सिनापाती, नवी चटई गुंडाळून काखेत धरलेली. आणि बघतात तर काय, सगळ्या होड्या वाळूवर आणि सगळे गडी म्हाताऱ्यांत बसलेले. इतकी गर्दी की म्हाताऱ्यांनाच जागा उरली नव्हती.

"टेआवा, होडी?" एसेरानं पेटी उतरवत विचारलं.

मामानं घसा साफ केला. "अडचण आहे, पाद्रीबुवा. आज वल्हं कुणालाच मिळालेलं नाही."

"कुणालाच?"

"घराघरात भांडणं लागलीयत. साथ आल्यासारखं."

पलीकडे बायका उभ्या, वल्ही छातीशी धरून. मेलाली सगळ्यांच्या पुढं. मला बघून तिनं मान फिरवली, आणि ती इतकी छान फिरवली की क्षणभर मलाही वाटलं, काय बरं केलं असेल मी.

"तुझं आणि कायतूचं कशावरून?" एसेरानं तिला विचारलं. कायतू म्हणजे मी.

"घोरतो," मेलाली म्हणाली.

"आणि तुझं?"

"पाय न धुता चटईवर येतो," दुसरी म्हणाली.

"माझा काहीच करत नाही," तिसरी म्हणाली, "तेच भांडण."

आम्हाला वाटलं होतं, हे ऐकून सिनापाती हसेल. हसली की थांबेल. जहाज निघून जाईल आणि मग सगळं सुरळीत होईल. फार प्रेमानं आखलेला बेत होता. पण ती हसली नाही. तिनं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं आणि जाऊन आपल्या पेटीवर बसली, आमच्याकडे पाठ करून, जहाजाकडे तोंड करून.

एसेरा बायकांपुढं जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज मोठा होता. प्रवचनाला उभा राहिला की खोबरं वाळवायला पसरलेलं हलायचं. पण त्या दिवशी हळू बोलला.

"मागं कप्तानानं मला विचारलं होतं, बाई येतायत का. मी उत्तर देऊन मोकळा झालो. तिला विचारलंच नाही. आज तुम्ही सगळ्यांनी मिळून तेच केलंत. मी एकट्यानं केलं होतं, तुम्ही गावानं केलंत. द्या ती वल्ही."

कुणी हललं नाही.

"ती गेली तर तुम्हालाही नेतील, पाद्रीबुवा," मेलाली म्हणाली. आता तिचा आवाज नाटकातला नव्हता.

"नेऊ देत. तिला जायचंय."

मेलालीनं वाळूकडे पाहिलं, मग माझ्याजवळ आली आणि वल्हं माझ्या हातात दिलं. "घोरतोस मात्र खरंच," ती म्हणाली. मग एकेक बाई पुढं आली. फक्त त्या तिसरीनं दिलं नाही. तिचं भांडण खरं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिचा नवरा होडीतला पुढचा गडी, माझ्यापुढं एसेराची जागा रिकामी होती, तिथं हल्ली तोच बसायचा. त्याच्यावाचून कडेवरची लाट ओलांडायची म्हणजे धोका.

मामा वाऱ्याकडे बघत म्हणाला, "एक वल्हं कमी पडतंय."

एसेरा पाण्यात उभा होता, पेटी होडीत चढवून झालेली, हात रिकामे. सिनापाती होडीत बसली होती. तिनं त्या बाईकडे पाहिलं, हात पुढं केला. बाईनं आपलं वल्हं तिला दिलं. तिनं ते एसेराच्या दिशेनं धरलं.

"चढ," ती म्हणाली. "उशीर होतोय मला."

वर्षभरातलं तिचं त्याच्याशी हे पहिलं बोलणं. त्यात गोडवा नव्हता, पण मामानं ते रीतीप्रमाणं धरलं.

कडेपाशी आलो. लाट आली, आम्ही दम धरला, मामा ओरडला, होडी पलीकडे गेली. मग मोकळं पाणी. माझ्यापुढं एसेराची पाठ, आणि त्याच्यापुढं, त्याच्याकडे तोंड करून, सिनापाती पेटीला धरून बसलेली. मला ऐकू येणार नाही असं काही नव्हतं.

"विचारलं का नाहीस?" ती म्हणाली.

"तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग गेली असतीस."

"आणि?"

एसेरानं दोनदा वल्हं मारलं. "आणि परत आली नसतीस. आईचं घर सोडून इथं कशाला येईल कुणी. इथं आहे काय?"

"अळू आहे," मागून मामा म्हणाला. त्याला राहवलं नाही.

"मला गाण्याचं सांगितलंस," सिनापाती म्हणाली. "गाणं बसायचंय म्हणून."

"गाणं बसायचंच होतं."

"एसेरा."

"बरं. गाण्याचा काही संबंध नव्हता. भ्यालो मी."

"आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. कप्तानानं सांगितलं. मी तुला सांगितलं नव्हतं, तूही विचारलं नव्हतंस."

एसेराचं वल्हं पाण्यात थांबलं. होडी कलली.

"मारत राहा," ती म्हणाली. "मला पोचायचंय."

आणि तो मारत राहिला, आणि त्यानंतर ते जे भांडले, तसं भांडण मी कधी ऐकलेलं नाही. वर्षभराचं साठलेलं. चुना, चर्च, तिची आई, त्याची आई, पहिल्या वर्षी त्यानं न विचारता देऊन टाकलेली तिची कोंबडी, सगळं. तो बोलला की ती दुप्पट. आवाज चढत गेले तशी होडीही जोरात निघाली, आम्ही वल्ही वर उचलून धरली तरी जात होती. आणि कुप्पे आले. खोटं सांगत नाही. दोन्ही बाजूंनी, रांगा लावून, चकाकत. एक तर उडी मारून आत आला आणि सिनापातीच्या पेटीशेजारी गप पडून ऐकत राहिला. टेआवामामा सुकाणूचं वल्हं धरून तोंड उघडं टाकून बघत होता. त्यानं पुढं कित्येक वर्षं या गोष्टीवर विचार केला, आणि शेवटी त्याचं म्हणणं असं पडलं की कुप्प्याला भांडणाचं काही नाही, त्याला अबोला सोसत नाही. पण रीत त्यानं बदलली नाही. म्हणाला, आधीच पोरं घरी कमी भांडतात का.

जहाजाच्या पोटाखाली पोचलो तेव्हा दोघांचेही घसे बसले होते. वरून दोरीची शिडी आली, आणि कप्तान वाकून ओरडला, "पाद्री, बाई येतायत का?"

एसेरा समुद्राकडे बघत राहिला.

"पाद्री, ऐकू येत नाही का? बाई येतायत की राहतायत?"

एसेरानं जबडा इतका घट्ट मिटला होता की माझ्या जागेवरून त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. सिनापातीनं ते पाहिलं. घाई केली नाही. तिनं चटई नीट काखेत धरली, केस बांधले, कप्तानाला वर लटकत ठेवलं.

"येतेय," मग ती म्हणाली. "आईच्या थडग्यावर ही चटई घालायचीय."

"आणि परतायचं? मिशनला सांगावं लागेल मला."

"ते मी सांगेन. मला विचारतील तेव्हा."

ती शिडी चढली. वर जाऊन एकदा खाली पाहिलं. जहाज निघालं, आणि आम्ही परत आलो. येताना होडी खूप जड वाटली, कुप्पा एकच असूनही.

पुढचे महिने एसेरा कडेबाहेर गेला नाही. त्याला वल्हं द्यायला कुणी नव्हतं, आणि तीन म्हाताऱ्या आई व्हायला तयार होत्या तरी त्यानं नको म्हटलं. चुना भाजायचा, भिंत चढवायचा. भिंती उंच होत गेल्या, खिडक्या झाल्या, छपरावर केवड्याची पानं चढली, आणि मग आमच्या लक्षात आलं की चारही भिंती सलग आहेत. पाद्री दार ठेवायचं विसरला होता.

"विसरलो नाही," एसेरा म्हणाला. "दार कुठं ठेवायचं ते ठरलेलं नाही."

"उगवतीला ठेवा," मामा म्हणाला. "समुद्राकडे. सगळ्या बेटांवर तसंच आहे."

"बघू."

"कुणाला विचारून बघणार?"

एसेरा चुना कालवत राहिला.

"आणि त्या आल्याच नाहीत तर, पाद्रीबुवा?"

"तर पुढचा पाद्री ठरवेल."

मग काय, आम्ही खिडकीतून चर्चला जाऊ लागलो. बारीक माणसं आधी, जाड मागून, आणि माझ्या सासूबाई एका रविवारी अर्ध्या आत अर्ध्या बाहेर अडकल्या. अर्ध्या शरीरावर प्रवचन झालं, बाकीच्या अर्ध्याला त्याचा फायदा झालेला नंतर कधी दिसला नाही. एका बाजूनं ओढणारे, एका बाजूनं ढकलणारे, आणि मध्ये त्या आम्हा सगळ्यांची पिढ्यानपिढ्यांची कुंडली वाचत होत्या. तरी एसेरानं दार पाडलं नाही.

जहाज आलं तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर. मामाची होडी गेली. एसेरा गेला नाही, जाऊ शकत नव्हता. तो पाण्यात उभा राहिला, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. शिडीवरून कुणीतरी उतरलं हे आम्हाला दिसलं. कोण, ते इतक्या लांबून कळेना. मेलालीनं माझं मनगट धरलं होतं, त्याची खूण बरेच दिवस राहिली.

सिनापाती होती. काखेत सवाईच्या अळूची रोपं, ओल्या पानांत गुंडाळलेली. होडीतून उतरली, पाण्यातून चालत आली, एसेराजवळ थांबली.

"वाळलास," ती म्हणाली.

"तू नाही," तो म्हणाला. पाद्री असला तरी बायकोशी कसं बोलावं ते त्याला कधीच नीट जमलं नाही.

मग तिनं मान वळवून चर्चकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चारी बाजूंनी फिरून आली, आम्ही सगळे मागून.

"दार?" ती म्हणाली.

"तुला कुठं हवं?"

तिनं चुलीतला कोळसा मागवला, खडकाच्या कडेआतल्या संथ पाण्याच्या बाजूच्या भिंतीपाशी गेली आणि वर हात पुरेल तिथपासून खालपर्यंत दोन रेघा ओढल्या. मावळतीला. कारण सांगितलं नाही. टेआवामामानं बोलायला तोंड उघडलं, मेलालीनं त्याच्याकडे बघितलं, मामानं तोंड मिटलं. एसेरानं पहार उचलली.

आमचं चर्च अजून तसंच आहे. पश्चिमेचा वारा सुटला की पाऊस सरळ दारातून आत येतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांना भिजवतो, आणि प्रवचन करणाऱ्याला आधी. नवे पाद्री येतात, डोकं पुसतात आणि विचारतात, हे दार इथं कुणी ठेवलं? आम्ही सांगतो, विचारून ठेवलंय.